ओतून दिलेलं दूध

ठिणगी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. म्हातारी माणसं तोंडात बसवतात त्या कवळ्या ती बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ती मेणाची हिरडी चढवायची आणि हिरडीत एकेक दात रोवायची. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणापासून तिला कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. जरा काही मनाविरुद्ध झालं की भडकायची, म्हणून ठिणगी. लग्नानंतर हे नाव माहेरीच राहील असं तिला वाटलं होतं, पण ते तिच्याआधी सासरी पोचलं.

तिच्या मुलाचं नाव भोंगा. ते ठेवलं सासऱ्यांनी. त्यांनी जन्मभर बस चालवली होती. नातवाचं पहिलं रडणं ऐकून ते म्हणाले होते, "हा हॉर्न आमच्या डेपोत एकाही गाडीला नव्हता." पाळण्यातलं नाव कागदावर राहिलं आणि घरात भोंगा चिकटला.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा भोंग्याला चौथा महिना सरत आला होता. रजा वाढवून मिळेना. बाळाला दिवसभर कोण बघणार हा प्रश्न मात्र पडलाच नाही, कारण घरात सासूबाई होत्या, आणि त्या साध्यासुध्या सासूबाई नव्हत्या. एका मोठ्या कापड कारखान्याच्या पाळणाघरात त्या मुख्य बाई होत्या. निवृत्त होऊनही गल्लीत सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. कुणाचं मूल रडायचं थांबेना की त्याला घेऊन लोक त्यांच्या दारात यायचे. त्या मुलाला पालथं घालायच्या, पाठीवर दोन थापट्या मारायच्या, की पोरगं गप्प. ठिणगीनंही हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे कामावर जाताना तिचा जीव तुटला, पण घाबरला नाही.

एकच गोष्ट तिनं स्पष्ट सांगून ठेवली होती. रात्री जेवताना विषय निघाला होता.

"बघ कसा ताटाकडे टकामका बघतोय," सासूबाई म्हणाल्या होत्या. "याला आता काहीतरी चाटवायला हवं. नुसत्या दुधावर किती दिवस ठेवणार?"

"सहा महिने, आई. डॉक्टरांनी सांगितलंय. तोवर वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही."

"सहा!" सासूबाईंनी घास तसाच हातात धरला. "अगं, माझी तिन्ही मुलं तिसऱ्या महिन्यापासून खात होती. हा तुझा नवरा बघ. केळं कुस्करून खायचा वाटीभर. काय वाईट झालं त्याचं?"

नवरा ताटात डोकं खुपसून जेवत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यांत उतरायला त्याला भीती वाटायची नाही, पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायचं म्हटलं की तो दिसेनासा व्हायचा.

"तेव्हाचं तेव्हा," ठिणगी म्हणाली. "मी दूध काढून ठेवत जाईन. दिवसभर पुरेल एवढं. तेवढंच द्या."

"बरं बाई. तुझं मूल, तू ठरव."

ठिणगीला वाटलं, विषय मिटला.

लॅबमध्ये दूध काढायला जागा नव्हती. मालकाला विचारलं तर तो आधी लाजला, मग वैतागला आणि शेवटी म्हणाला, "मागची कोठी आहे ना." कोठीत प्लास्टरची पोती रचलेली होती. एक पंखा होता, तो लावला की पांढरी धूळ उडायची, म्हणून तो लावता यायचा नाही. दाराला कडी नव्हती. पॉलिशचं काम करणारी तिची मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत दाराला पाठ लावून बाहेर उभी राहायची आणि तिथेच उभ्याउभ्या आपला डबा खायची. आत ठिणगी स्टुलावर बसायची, पंप लावायची आणि मोबाइलवर भोंग्याचा फोटो बघत राहायची. फोटो बघितला नाही तर दूध उतरायचं नाही. डोक्यात कामाची चिंता असली तरी उतरायचं नाही. बाहेरून मालक "झालं का हो?" म्हणाला की उतरत असलेलंही थांबायचं. मग थेंब थेंब करून बाटली भरायची. ती बर्फाच्या पिशवीत घालून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हाती सोपवायची.

काही आठवडे बरे गेले. मग भोंगा बिनसला. पाय पोटाशी घेऊन तो कुंथायचा, लालेलाल व्हायचा, आणि संध्याकाळी ठिणगीनं छातीशी घेतला की दोन घोट पिऊन मान फिरवायचा. आधी कसा तुटून पडायचा! आता ती येते तेव्हा त्याला भूकच नसायची. तो प्यायचा नाही म्हणून दूधही कमी व्हायला लागलं. पंपाला पूर्वीइतकं येईना.

ठिणगी घाबरली. ती जास्त जेवायला लागली, भांडंभर पाणी प्यायला लागली, पहाटे उठून पंप लावायला लागली. एकदा स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना तिला रडूच आलं.

"आई, माझं दूध आटतंय का हो? हा पितच नाही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पुरत नसेल त्याला," त्या म्हणाल्या. "होतं असं काही बायकांचं. जिवाला लावून घेऊ नकोस."

हे वाक्य ठिणगी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत राहिली. कोठीत बसली की तिला तेच ऐकू यायचं. आपल्यातच काही कमी आहे असं तिला वाटायला लागलं.

मग एके दिवशी लॅबमधली भट्टी बिघडली. कवळ्या शिजवायच्या त्या भट्टीशिवाय पुढचं काम होण्यासारखं नव्हतं. मालकानं सगळ्यांना दुपारीच घरी पाठवलं. ठिणगी खूश झाली. आज भोंग्याला दुपारी अंगावर पाजता येईल या आनंदात ती जवळजवळ धावतच निघाली.

सासरे गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी तिला खालून येताना पाहिलं आणि ते मोठ्यांदा खोकले. मग आणखी मोठ्यांदा. ठिणगीला वाटलं, म्हाताऱ्याला ठसका लागला. तिनं घाईघाईनं जिना चढून दार उघडलं.

स्वयंपाकघरात भोंगा उशीला टेकवून बसवलेला होता. गळ्यात फडकं, हनुवटीवर काहीतरी पिवळट चिकट. शेजारी वाटी, वाटीत कुस्करलेला बटाटा आणि केळं, आणि एक छोटा चमचा. सासूबाई तिच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभ्या होत्या. नळ चालू होता, त्यामुळे त्यांना खोकला ऐकू गेला नव्हता. त्यांच्या हातात बाटली होती. ती त्यांनी उलटी केली. पांढरी धार सिंकमध्ये पडली आणि नळाच्या पाण्याबरोबर जाळीतून निघून गेली.

 ठिणगी इतकी जोरात ओरडली की भोंगाही दचकला.

"काय करताय तुम्ही हे?"

सासूबाई वळल्या. क्षणभर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी लगेच सावरून घेतलं. "अगं बाई, आज लवकर? उरलेलं ओततेय. शिळं दूध पाजू का लेकराला?"

"ते उरलं कसं?"

"त्याचं पोट भरलं म्हणून उरलं."

"कशानं भरलं? या बटाट्यानं?" ठिणगीनं वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. "कधीपासून चाललंय हे?"

सासूबाईंनी नळ बंद केला. "तू कामाला जायला लागलीस तेव्हापासून. आणि ओरडायला काय झालं? विष नाही घातलं मी. सगळं मऊ, गाळून, माझ्या हातानं. किती मुलं वाढली या हाताखाली, विचार गल्लीत कुणालाही."

"आणि दूध? रोज ओतलंत?"

"रोज कुठे! कधी निम्मं प्यायचा, कधी..."

"मी इथे उभी राहून रडले होते, आई." ठिणगीचा आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता. "इथे, याच ओट्यापाशी. दूध आटतंय का म्हणून विचारलं मी तुम्हाला. तुम्हाला माहीत होतं तो का पीत नाही ते. तरी तुम्ही काय म्हणालात? पुरत नसेल!"

सासूबाई भोंग्याची हनुवटी फडक्यानं पुसायला लागल्या.

गॅलरीच्या दारात सासरे येऊन उभे राहिले होते. "मी खोकलो होतो," ते पुटपुटले. कुणाला उद्देशून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. दोघींनीही त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते पुन्हा वर्तमानपत्रामागे गेले.

संध्याकाळी नवरा आला तो घरातली शांतता बघून दारातच बूट काढायचा विसरला. ठिणगीनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण त्याला धक्का बसलेला दिसत नव्हता. तिच्या ते लक्षात आलं.

"तुला माहीत होतं!"

"मला वाटलं, एखादा चमचा देत असेल..."

"माहीत होतं की नाही?"

"एकदा लवकर आलो होतो तेव्हा पाहिलं. आई म्हणाली, हिला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. मला कुणाला दुखवायचं नव्हतं गं."

"कुणाला म्हणजे आईला," ठिणगी म्हणाली. "मी प्लास्टरच्या पोत्यांत बसून अंग पिळून काढतेय, पहाटे उठतेय, माझ्यातच काही खोट आहे म्हणून रडतेय, आणि या घरात एकूण एक माणसाला माहीत होतं. दुखवायचं नव्हतं म्हणे! मग मी कोण?"

 त्यानं बूट काढले.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि भोंग्याला डॉक्टरांकडे न्यायला काढलं. ती चप्पल घालते न घालते तोच सासूबाई साडी बदलून तयार.

"मी येणार. माझ्यासमोर सांगू दे त्यांना, मी काय वाकडं केलं ते."

"या की," ठिणगी म्हणाली. "तेच हवंय मला."

रिक्षात दोघी दोन टोकांना बसल्या आणि भोंगा मध्ये ठिणगीच्या मांडीवर. 

डॉक्टर तरुण होता. भिंतीवर जिराफाचं चित्र, टेबलावर लाकडी ठोकळे, बाहेर ताटकळलेल्या आयांची रांग. त्यानं भोंग्याचं पोट चाचपलं, वजन केलं, ठिणगीचं सगळं ऐकून घेतलं आणि मग ठिणगीकडेच बघत म्हणाला, "पोट घट्ट झालंय. घाबरण्यासारखं काही नाही, पण वरचं सगळं बंद. सहा महिने होईपर्यंत फक्त दूध. आजींना नीट सांगा. त्यांचा जमाना गेला म्हणावं."

ठिणगीनं सासूबाईंकडे पाहिलं. तिच्या मनासारखं झालं होतं. रिक्षात बसल्यापासून ती याच वाक्याची वाट बघत होती. पण वाक्य आलं तेव्हा तिला वाटला होता तसा आनंद काही झाला नाही. सासूबाई समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून बोलत होता, जणू ती खुर्ची रिकामी आहे.

"मी इथेच आहे, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

"हो, हो. तसं नाही आजी..."

"एक विचारते. माझा मोठा मुलगा तीन महिन्यांचा होता तेव्हा मी अशाच एका खोलीत बसले होते. असंच टेबल होतं. मी त्याला अंगावर पाजत होते, दुसरं काही देत नव्हते. तर तिथला डॉक्टर सगळ्या बायकांसमोर माझ्यावर ओरडला. म्हणाला, मुलाला उपाशी मारतेस काय? तुझ्या दुधात आहे काय, पाणी आहे नुसतं. उद्यापासून केळं, बटाटा, बिस्किट सुरू कर आणि दूध सोडव. मला इतकी लाज वाटली! घरी आले आणि केळं कुस्करलं. महिन्याभरात दूध गेलं. पुढच्या दोघांना तर मी विचारायलाही गेले नाही. मग पाळणाघरात लागले, तिथेही तेच शिकवलं, आणि मी तेच करत आले. जन्मभर."

डॉक्टर हसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घाई होती. "तेव्हा अज्ञान होतं हो आजी सगळीकडे."

"अज्ञान माझं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.  "मी तर पाजतच होते."

 भोंगा ठोकळ्याकडे हात करत होता. डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं आणि कंपाउंडरला पुढच्या पेशंटला पाठवायची खूण केली.

तेव्हा ठिणगीचं डोकं फिरलं. कालपासून ज्या बाईवर ती धुमसत होती, त्याच बाईसाठी फिरलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"थांबा," ती म्हणाली. "आमचं झालं नाही अजून. मूल दिवसभर यांच्याजवळ असतं, माझ्याजवळ नाही. का द्यायचं नाही, ते यांना समजावून सांगा. माझ्याकडे बघून नको, यांच्याकडे बघून. त्यांचा जमाना गेला हे काही उत्तर झालं नाही."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग खुर्ची सासूबाईंकडे वळवली. एवढ्या लहान वयात आतडी अजून तयार झालेली नसतात, असं त्यानं सांगितलं. मान धरता यायला हवी, आधार घेऊन बसता यायला हवं, जिभेनं घास बाहेर ढकलणं थांबायला हवं. लवकर दिलं तर पोट भरतं, पण दुधातून जे मिळायचं ते मिळत नाही, आणि मूल कमी प्यायलं की आईचं दूधही कमी होतं. चांगलं सांगितलं त्यानं. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं, दोनदा प्रश्नही विचारले, आणि जिभेचं ऐकून मान हलवली, कारण ते ढकलणं त्यांनी शेकडो मुलांत पाहिलं होतं आणि चमच्यानं परत आत लोटलं होतं.

"आणि पुढे हेही चूक ठरलं तर?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"तर मला माझे शब्द मागे घ्यावे लागतील."

"ते घ्यायला घरी कुणी येत नाही, डॉक्टर. माझ्याकडे आलं नाही कुणी."

बाहेर आल्यावर ठिणगी म्हणाली, "तो तेव्हाचा डॉक्टर तुमच्याशी फार वाईट वागला. पण आई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. ते डॉक्टरनं नव्हतं शिकवलं तुम्हाला."

सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "नाही," त्या म्हणाल्या. "ते माझंच." ठिणगीनं त्यांना सोपं जावं म्हणून काही केलं नाही.

पण खरी पंचाईत त्यानंतर झाली. वरचं खाणं बंद केलं आणि भोंग्यानं संप पुकारला. त्याला चमच्याची चटक लागली होती, आणि बाटली तोंडाला लावली की तो असा काही भोंगा वाजवायचा की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला यायचे. आईच्या अंगावर मात्र प्यायचा. म्हणजे दुपारी त्याला लॅबमध्ये न्यायचं, दुसरा मार्ग नव्हता. ठिणगीनं नवऱ्याला सांगितलं, "तू नेणार." त्यानं साहेबाला विचारून दुपारची सुट्टी पुढेमागे करायची खटपट केली, पण लिफ्ट काही त्याच्या सोयीनं बंद पडत नसत. पहिल्याच दिवशी तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांपाशी अडकला. ठिणगीनं वाट बघून पंप लावला, आणि तेवढ्यात भोंग्याला घेऊन सासूबाई लॅबमध्ये हजर झाल्या.

कवळ्यांच्या टेबलांमधून वाट काढत त्या आत आल्या तेव्हा पॉलिशवाली नेहमीसारखी कोठीच्या दाराला पाठ लावून डबा खात होती.

"सून कुठाय माझी?"

मैत्रिणीनं घास गिळला आणि बाजूला झाली. सासूबाईंनी दार ढकललं. आत ठिणगी स्टुलावर बसली होती, पोत्यांच्या रांगेत. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला. डोक्यावर, भुवयांवर पांढरी धूळ. मांडीवर स्वच्छ फडकं, फडक्यावर पंप.

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं, कडी नसलेल्या दाराकडे पाहिलं. पंपाच्या बाटलीत तळाशी दूध होतं, बोटभरसुद्धा नाही.

"रोज इथे?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"एवढंच येतं?"

"इथे एवढंच येतं. तेवढं यायलासुद्धा सगळी सुट्टी जाते."

सासूबाईंनी भोंग्याला तिच्या हातात दिलं. मग त्या वळल्या आणि थेट मालकाच्या केबिनमध्ये शिरल्या. केबिनमध्ये गार हवा होती, सोफा होता, पडदे होते, आणि मालक नुकताच जेवून सोफ्यावर पाय ताणत होता.

"तुम्ही मालक ना?" हा आवाज लॅबमधल्या सगळ्यांनी ऐकला. मेणाच्या टेबलावरच्या पोरी हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या. "त्या बाहेरच्या पोत्यांत बसून माझी सून नातवासाठी दूध काढते. लाज वाटते का थोडी? मी कारखान्याचं पाळणाघर चालवलंय. हजार माणसांचा कारखाना, मशिनींचा गदारोळ, तरी आयांसाठी वेगळी खोली होती, धुतलेली, आतून कडी असलेली. मी भांडून घेतली होती ती. आणि तुम्ही इथे गादीवर लोळताय?"

मालक ताडकन उठून बसला. "अहो काकू, जागेची अडचण..."

"ही काय, एवढी जागा आहे की! दुपारी ही खोली तिची. तुम्ही बसा कोठीत. प्लास्टर कसं लागतं घशाला, बघा एकदा."

"म्हणजे, मी विचार करतो..."

"विचार करा, पण बाहेर उभं राहून करा. मूल भुकेलं आहे."

भोंग्यानं नेमका तेव्हाच तोंड उघडलं. त्या आवाजापुढे कुणाचंच काही चाललं नसतं. मालक मोबाइल उचलून बाहेर आला. पॉलिशवालीनं तोंडाला पदर लावला होता आणि हसू दाबता दाबता तिचे खांदे गदगदा हलत होते.

ठिणगी केबिनमध्ये सोफ्यावर बसली. सासूबाईंनी पडदा ओढला, कडी लावली आणि दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. भोंगा प्यायला लागला. सुरुवातीला हुंदके देत, मग शांतपणे, एक हात आईच्या गळ्यातल्या साखळीत अडकवून. 

"मला वाटायचं, तू मजेत बसून काढत असशील," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू, दूध म्हणजे काही मोलाची वस्तू असते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. माझं पाणी होतं ना. बाटली उलटी करताना हात थरथरला नाही माझा."

ठिणगी भोंग्याच्या केसांवरची धूळ फुंकरत होती. आज मालकाचा उतरलेला चेहरा बघून तिला मनापासून हसू आलं होतं. ही बाई आपल्या बाजूनं भांडली याचं बरंही वाटलं होतं. पण ते बरं वाटणं एका बाजूला होतं, आणि ती पांढरी धार, नळाचं पाणी, 'पुरत नसेल त्याला' हे सगळं दुसऱ्या बाजूला जसंच्या तसं होतं. एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

"तुम्ही आज जे केलंत ते फार चांगलं केलंत, आई," ती म्हणाली. "पण ते दूध ओतलंत, आणि मला रडू दिलंत, ते मी विसरणार नाही. मला विसरताच येणार नाही."

"विसरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्याची घडी उगाचच नीट केली. "मी तरी त्या डॉक्टरला कुठे विसरले? पोरं बाप झाली माझी, तरी नाही."

भोंग्यानं एक बाजू संपवली. ठिणगीनं त्याला खांद्यावर घेतलं, पण ढेकर काही निघेना. सासूबाईंनी हात पुढे केला, मग अर्ध्यावर थांबवला आणि विचारलं, "घेऊ का?"

ठिणगीनं थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग मूल त्यांच्याकडे दिलं.